तो पिऊन आलेला नाही

सरळगावच्या नाक्यावर किन्हवलीकडे जाणारी जीप भरत होती. साठीचा एक माणूस आला, डोक्यावर टोपी, हातात पिशवी. त्याने दाराच्या दांडीला हात घातला आणि तिथेच थांबला. पाय उचलायचा होता, पण पाय जमिनीला चिकटल्यासारखा हलेना. मागून ओरडा सुरू झाला, "ओ काका, चढा की!" मग कुणीतरी हसत म्हणालं, "सकाळीच टाकून आलाय." त्या माणसाने उत्तर दिलं नाही. चेहरा थिजलेला, ओठाच्या कोपऱ्यात लाळ. जीप त्याला न घेताच सुटली. मी मागच्या बाकावर बसलो होतो. मीही उतरलो नाही.

तीन वर्षांनी माझ्या बाबांचा पाय आमच्याच घराच्या उंबऱ्यात तसाच अडकला, तेव्हा मला सरळगावचा माणूस आठवला. तो प्यायलेला नव्हता. त्याला पार्किन्सन होता.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या माझ्या माणसांना मला एवढंच सांगायचं आहे, की हा आजार ओळखा आणि आजारी माणसाला ओटीवर कोपऱ्यात बसवून ठेवू नका. बाकीचं सगळं ह्या दोन गोष्टींच्या पोटात येतं.

आपल्याकडे ह्याला कंपवात म्हणतात. लंडनच्या जेम्स पार्किन्सन नावाच्या डॉक्टरने 1817 साली ह्यावर छोटंसं पुस्तक लिहिलं, म्हणून जगभर त्याचं नाव लागलं. मेंदूच्या आत खोलवर काळपट पेशींचा एक पट्टा असतो. त्या पेशी डोपामिन नावाचं द्रव्य बनवतात. हात-पाय सहज, न अडखळता हलावेत म्हणून ते लागतं. ह्या पेशी हळूहळू मरतात आणि निम्म्याहून जास्त गेल्यावरच बाहेर काही दिसायला लागतं. म्हणजे आपल्याला कळतं तेव्हा आजार घरात येऊन बरीच वर्षं झालेली असतात. तो कुणाच्या उष्ट्याने लागत नाही, करणीने होत नाही. बहुतेकांच्या बाबतीत तो बापाकडून पोराकडेही येत नाही.

कंपवात म्हटलं की लोक हाताचा कंप शोधतात आणि तिथेच फसतात. कंप असला तर तो बहुधा हात मांडीवर निवांत पडलेला असताना दिसतो, अंगठा आणि बोट तंबाखू मळल्यासारखे हलत राहतात. चहाची बशी उचलताना थरथरणारा हात पुष्कळदा दुसऱ्याच कारणाचा असतो. आणि कित्येकांना तर कंप नसतोच. माझ्या बाबांना पहिली दोन वर्षं अजिबात नव्हता. त्यांचा उजवा हात चालताना हलायचा बंद झाला होता, एवढंच. डावा हात झोके घ्यायचा आणि उजवा अंगाला चिकटून. आईने ते पाहिलं होतं. "ह्यांचा एक हात रुसलाय," म्हणायची. आम्ही हसायचो. मग खांदा आखडला. खांद्याला तेल झालं, शेक झाला, एका ठिकाणी इंजेक्शनही झालं. तो खांद्याचा आजार नव्हताच.

आपल्या भागात जुन्या माणसांपैकी पुष्कळ जण अंगठा उठवणारे, त्यामुळे पुस्तकात लिहिलेली 'अक्षर बारीक होतं' ही खूण त्यांच्या बाबतीत उपयोगाची नाही. तुम्ही दुसरीकडे बघा. भाकरी थापताना आईचा एक हात मागे पडतो का? सुपाने पाखडताना लय तुटते का? आवणीला उतरलेला माणूस ओळीत सगळ्यांच्या मागे राहतो आणि कंबर दुखतेय म्हणतो का? शर्टाचं बटण लावायला वेळ लागतो? आवाज इतका बारीक झाला का, की ओटीवरून मारलेली हाक पडवीतही ऐकू जात नाही? चेहऱ्यावरचं हसू गेलं का? वळताना एका झटक्यात न वळता पाच-सात बारीक पावलं टाकतो का?

ह्याच्याही आधीच्या खुणा आहेत. चुलीवर सुकट भाजली तरी वास येत नाही. पोट वर्षानुवर्षं साफ होत नाही. रात्री झोपेत ओरडतो, लाथा झाडतो, शेजारी झोपलेल्या बायकोला मार बसतो. ह्या शेवटच्या गोष्टीला आपल्याकडे 'बाधा' म्हणतात आणि भगताकडे कोंबडं जातं. एकट्या वासावरून किंवा एकट्या पोटावरून आजार ठरत नाही, ते कुणालाही होऊ शकतं. पण ह्यांतल्या तीन-चार गोष्टी एकाच माणसात जमल्या, तर "म्हातारपण आहे" म्हणून सोडून देऊ नका. म्हातारपण दोन्ही हातांना सारखं येतं. हा आजार बहुधा एका बाजूने सुरू होतो.

आता औषधांच्या पिशवीबद्दल, कारण ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. काही साध्या गोळ्यांनीही हुबेहूब असाच आजार दिसू लागतो. चक्करेवरची सिनारिझिन, डोकेदुखीवरची फ्लुनारिझिन, उलटीवरची मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिन, पित्तावरच्या जोडगोळ्यांत असणारी लेव्होसल्पिराइड, मानसिक आजारावरची हॅलोपेरिडॉल. एकदा चक्कर आली म्हणून दिलेली गोळी म्हातारी माणसं दोन-दोन वर्षं घेत राहतात, कारण दुकानदार जुनं पाकीट बघून देत राहतो. अशी गोळी डॉक्टरांना विचारून थांबवली की बहुतेकांचा आखडलेपणा काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत उतरतो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातली प्रत्येक गोळी, पुडी, बाटली पिशवीत घालून न्या. मानसिक आजाराची गोळी मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका.

जायचं कुठे? आधी आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र, मग शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय. तिथून मेंदूच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी मागा, म्हणजे न्यूरॉलॉजिस्टकडे. सरकारी-पालिकेच्या खर्चात ते मुंबईला मिळतात: परळचं केईएम, शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय, भायखळ्याचं जेजे. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसाऱ्याच्या लोकांना लोकल आहे. मुरबाडकरांना कल्याणपर्यंत एसटी, पुढे लोकल. एसटीत पासष्टीच्या पुढे अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढे फुकट, बायकांना अर्धं, हे बहुतेकांना ठाऊक आहेच. एक दिवस जातो, मजुरी बुडते, हे मला माहीत आहे. पण निदानासाठी आणि नंतर वर्षातून दोन-तीनदा एवढं करावं लागतं. मधल्या काळात आरोग्य केंद्रातून ई-संजीवनीवर मोठ्या डॉक्टरांशी बोलता येतं का, ते विचारा.

जाण्याआधी नातवाला सांगा, आजोबांचं चालणं, खुर्चीतून उठणं, रात्रीचं ओरडणं मोबाइलवर घेऊन ठेव. डॉक्टरांपुढे माणूस हटकून बरा चालतो. आणि एमआरआयसाठी कर्ज काढू नका. ह्या आजारात एमआरआय बहुधा नॉर्मलच येतो. दुसरं काही नाही ना, एवढ्यासाठी तो काढतात. ओळख पटते ती डॉक्टरांच्या नजरेने, हात-पाय हलवून, चालवून बघण्याने.

आजार मुळातून बरा करणारं औषध आज नाही. कुणी "एकवीस दिवसांत कंपवात गायब" म्हणून पुडी विकत असेल, तर त्याला पैसे देऊ नका. पण हालचाल परत आणणारं औषध आहे, जुनं आहे आणि स्वस्त आहे. लेव्होडोपा आणि कार्बिडोपा ही जोडगोळी. देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत ती आहे. मेंदूत जाऊन लेव्होडोपाचं डोपामिन बनतं. बाबांनी ती सुरू केली आणि पंधरवड्यात ते गोठ्यापर्यंत एकटे गेले. आईने देवापुढे साखर ठेवली.

ह्या गोळीची एक गंमत आहे. आपल्या कुंपणावर चढणारी खाजकुयली, जिची कुसं पोरं एकमेकांच्या अंगाला लावून रडवतात, तिच्या बियांत हेच लेव्होडोपा असतं. 1937 साली मद्रासच्या संशोधकांनी ते ह्या बियांतून वेगळं काढलं. आयुर्वेदात ते बी कवचबीज म्हणून आधीपासून आहेच. मग रानातून शेंगा आणून कुटायच्या का? नाही. एका बीत किती औषध आहे ते कुणाला मोजता येत नाही, आणि वरून गोळीही चालू असली तर दुप्पट होऊन माणूस वेडावाकडा हलायला लागतो, रक्तदाब पडतो. वैद्याचं औषध घेत असाल तर घ्या, पण ते दोन्हीकडे सांगा. लपवू नका.

गोळी चालू झाली की खरी परीक्षा घड्याळाची. आपलं गावाकडचं औषध 'सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर' ह्या हिशेबाचं. ही गोळी तशी नाही. तिचा जोर काही तासांनी उतरतो आणि माणूस पुन्हा आखडतो. आठला म्हणजे आठला. मोबाइलचा गजर लावा, घरात मोबाइल थांबत नसेल तर भिंतीवरचं घड्याळ चालू करा आणि ज्याला वेळ कळते त्याच्यावर ते काम सोपवा. आमच्याकडे पाचवीतली पुतणी हे काम करायची, आणि एकदाही चुकली नाही. मी चुकलो.

गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने, नुसत्या पाण्याबरोबर. दूध, अंडं, मासळी, डाळ ह्यांतली प्रथिनं तिच्या वाटेत उभी राहतात. म्हणून ती खायची बंद करू नका, आधीच अंगात काही उरलेलं नसतं. गोळीपासून लांब खा. आशाताईंनी दिलेली लोहाची गोळीसुद्धा हिच्याबरोबर घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. सुरुवातीला मळमळलं तर गोळीबरोबर सुका भाकरीचा तुकडा चालतो. उलटी थांबवायची गोळी मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्या, मेटोक्लोप्रामाइड नको हे वर सांगितलंच.

आणि ही गोळी एकदम बंद करायची नाही. उपास आहे म्हणून नाही, बरं वाटतंय म्हणून नाही, पाकीट संपलं म्हणून तर नाहीच. अचानक थांबवली तर अंग लाकडासारखं कडक होतं, ताप चढतो, जीवावर बेततं. आपल्याकडे आषाढ-श्रावणात ओढे भरले की वाड्या-पाड्यांची वाट बंद होते. मृगाच्या आधीच महिन्याभराचं औषध घरात आणून ठेवा, कोरड्या डब्यात. विंचू चावला, हर्नियाचं ऑपरेशन निघालं, कशासाठीही दवाखान्यात भरती झालात तर पहिल्यांदा सांगा, की पार्किन्सनची गोळी चालू आहे आणि तिची वेळ ही आहे.

काही वर्षांनी गोळीचा जोर लवकर उतरायला लागतो, किंवा जोरात असताना अंग नाचल्यासारखं हलतं. तेव्हा वेळा आणि मात्रा बदलाव्या लागतात, ते डॉक्टरांचं काम. दुसऱ्या गोळ्याही आहेत. ट्रायहेक्सीफेनिडिलने कंप कमी होतो, पण म्हाताऱ्या माणसाला ती भ्रमात टाकते, लघवी अडवते. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल ह्यांनी काही जणांना भलतीच ओढ लागते, जुगाराची, खरेदीची, खाण्याची. आयुष्यात पत्त्याला हात न लावलेला माणूस मटक्याला पैसे लावायला लागला तर त्याला शिव्या देण्याआधी गोळीचं नाव बघा. घरात नसलेली माणसं, मुंग्या, पोरं दिसायला लागली, तरी भगताआधी डॉक्टर. मेंदूत तार बसवायचं ऑपरेशनही असतं, मुंबईत जसलोकसारख्या ठिकाणी होतं. ते मोजक्या रुग्णांसाठीच आणि फार खर्चाचं, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

आता घरातलं. पाय अडकतो तो दारात, वळणावर, अरुंद जागेत. त्या वेळी हाताला धरून ओढलं की माणूस पुढे पडतो. मी बाबांना ओढायचो आणि वर म्हणायचो, "नीट चाला की!" ते ऐकून ते आणखी अडकायचे. मग केईएममध्ये एका बाईंनी दाखवलं: त्याच्यापुढे आडवी रेघ असली की पाय ती ओलांडायला उठतो. मेंदूला आपोआप चालणं जमत नाही, पण बघून पाय टाकणं जमतं. आम्ही उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे, मोरीच्या वाटेवर, पावलापावलावर गेरूचे पट्टे ओढले. आई दर सणाला सारवण झालं की पुन्हा ओढायची. पाहुणे विचारायचे, ही कसली रांगोळी.

रेघेसारखंच काम ताल करतो. हे मला सप्ताहात कळलं. बाबांना देवळापर्यंत नेताना घाम फुटला होता, पण टाळ-मृदंग सुरू झाला, हरिपाठाला पावली धरली गेली आणि ते दोन्ही बाजूंच्या माणसांच्या मध्ये पावली टाकू लागले. अडकले नाहीत. ह्यात चमत्कार काही नाही, ताल ऐकून पाय उचलण्याची वाट मेंदूत वेगळी असते. पुण्यात हृषीकेश पवार ह्यांनी पार्किन्सनच्या रुग्णांना नाच शिकवायचं काम केलं आहे, ते ह्याच पायावर. आपल्याकडे नाचाचा क्लास नाही, पण गावोगाव भजनी मंडळ आहे. त्यांना माझी विनंती आहे, की गावातल्या अशा माणसाला मागे भिंतीशी बसवू नका. त्याला टाळ द्या, उभं करा, मोठ्याने म्हणायला लावा. बारीक झालेल्या आवाजाला मोठ्याने गाण्यासारखा दुसरा व्यायाम नाही.

व्यायाम हे ह्या आजारात औषधाच्या बरोबरीचं आहे. त्यासाठी वेगळं काही आणायला नको. मोठी पावलं टाकत पाराला दोन-तीन फेऱ्या, शेंगा सोलणं, दोऱ्या वळणं, पालेभाजी निवडणं. काम हळू होईल, अर्धं सांडेल, होऊ द्या. आम्ही लाजेपोटी बाबांना बाजाराला नेणं बंद केलं होतं, लग्नाकार्याला नेत नव्हतो, जेवताना घास भरवायला लागलो होतो. एक दिवस त्यांनी ताट सरकवलं आणि त्या बारीक आवाजात म्हणाले, "हात आहे अजून." 1996 साली अटलांटाच्या ऑलिम्पिकला ह्याच आजाराच्या मुहम्मद अली ह्या मुष्टियोद्ध्याने थरथरत्या हाताने ज्योत पेटवली, सगळ्या जगासमोर. आपल्याला पाहुण्यांसमोर भात सांडलेला चालत नाही.

बाकी बारीकसारीक. झोळी पडलेल्या बाजेवर कूस बदलता येत नाही, फळीचा पलंग द्या आणि पायथ्याला धरायला दोर बांधा. नाडीऐवजी लेंग्याला इलॅस्टिक घाला. सटकणारी चप्पल नको, मागून पट्टा असलेली घ्या. उठताना आधी बसायचं, दहा आकडे मोजायचे, मग उभं राहायचं, कारण रक्तदाब एकदम पडतो. उकिडवं बसता येत नसेल तर प्लास्टिकच्या खुर्चीला भोक पाडून घ्या, लाज वाटायचं कारण नाही. नाचणीची आंबील, भरपूर पाणी, पालेभाजी पोटासाठी. जेवताना सरळ बसवा, हनुवटी थोडी छातीकडे, घास लहान, आणि जेवताना बोलायला लावू नका. जेवताना रोज ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगा, अन्न फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो.

भेंडीवर, भातावर फवारणी करणाऱ्या जवान पोरांनाही एक सांगतो. पॅराक्वाटसारखं तणनाशक आणि काही कीटकनाशकं हाताळणाऱ्यांत हा आजार जास्त आढळल्याचे अभ्यास आहेत. एखाद्याला तो फवारणीनेच झाला, असं बोट दाखवता येत नाही. पण उघड्या अंगाने, वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून पंप मारू नका, आणि रिकाम्या डब्यात पाणी भरू नका.

सरकारी कागदाचं: 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत पार्किन्सनचं नाव आहे. ऑनलाइन अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणी होते, आणि चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त प्रमाण आलं की एसटीची सवलत, संजय गांधी निराधार योजना ह्यांसाठी अर्ज करता येतो. ग्रामपंचायतीत विचारा, दोनदा विचारा. मुंबईत डॉ. बी. एस. सिंघल ह्यांनी 2001 साली सुरू केलेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे, पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. ह्या आजाराची माणसं आणि त्यांच्या घरचे तिथे एकमेकांना भेटतात.

घरच्यांवरून आठवलं. ह्या आजारात पुष्कळांना उदासी येते. ती आजाराचाच भाग असते, तिच्यावर औषध असतं. पण जी बायको किंवा सून रात्री चार वेळा उठते, तिची उदासी कुणी मोजत नाही. आठवड्यातून एक दिवस दुसऱ्या कुणीतरी ते काम घ्या, तिला माहेरी जाऊ द्या. बोलायला कुणी नसेल तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

आशाताईंना एक मागणं. तुम्ही घरोघर जाता, ओटीवर गप्प बसलेलं माणूस तुम्हाला दिसतं. त्याला दोन पावलं चालायला सांगा आणि हात हलतात का बघा. एक मिनिटाचं काम आहे.

आणि जीपवाल्या भावांनो, दारात असा कुणी थांबला तर हॉर्न मारू नका, मागून ढकलू नका. खाली उतरा. त्याच्या पायासमोर तुमचा पाय आडवा ठेवा आणि म्हणा, "काका, ह्याच्यावरून टाका." मग एक-दोन मोजा. तो चढेल.